रस्त्यापासूनचं अंतर

दर पाचशे मीटरवर जीप थांबते.
इस्माईल मुकादम इंजिन बंद करतो, मी घड्याळ चालू.
दहा मिनिटं. पन्नास मीटरचं न दिसणारं वर्तुळ,
त्यातला मधला पट्टा डांबराचा.

बुलबुल चार. सातभाई, पण सात नाहीत, नऊ.
कोतवाल तारेवर. वेडा राघू तारेवर.
तार नसती तर हे कुठे बसले असते
असा रकाना फॉर्मात नाही.

आहे तो असा: जंगलाची अवस्था.
एक म्हणजे शाबूत, पाच म्हणजे संपलेलं.
मी बघते: आकेशियाची रांग, रानमोडी,
तोडलेल्या किंजळाचा बुंधा, त्यावर कुणीतरी
देवापुढे ठेवावी तशी सरळ ठेवलेली
चपटी बाटली.
चार. पुढच्या थांब्याला चार. मग पाच.
संध्याकाळपर्यंत अख्खा दोडामार्ग तालुका
माझ्या मांडीवर आजारी पडलेला.

शेवंती घाडी मागच्या सीटवर, कोयता पायाशी.
वाट दाखवायला घेतलेली,
आणि तीन दिवस वाट डांबरीच.
तिसऱ्या दिवशी म्हणाली,
"बाय, रस्त्याक इचारलास तर
रस्तो रस्त्याचाच सांगतलो."

हेच वाक्य मी कॉलेजात
जड शब्दांत पाठ केलं होतं, गुणही मिळाले होते.
तरी जीपमध्ये बसले. महिना एक, थांबे एकशेवीस,
आणि डिझेलची पावती जोडता येते,
गुडघ्यांची नाही.

मग उतरलो. ओहोळ धरून आत, पाऊण तास.
पोटऱ्यांवर गोचीड. जांभा संपून काळी ओल,
भेरलीमाडाचे लोंबते घोस,
आणि एकदम वर, पाल्याच्याही वर,
ओली चादर झटकावी तसा आवाज.
शेवंती म्हणाली, गरूड.
मी लिहिलं, धनेश.
तो दोघींपैकी कुणाला न विचारता गेला.

एक, मी लिहिलं. शाबूत.
अक्षर जरा हललं.
वाटलं, सुटलं गणित:
कडेला खपली, आत धड अंग.

शेवंतीने काही मान डोलावली नाही.
परतताना दुसऱ्या वाटेने नेलं,
सदतीस नंबरच्या थांब्यामागे.
हा थांबा मला आठवत होता. सगळ्या चार-पाचांत
हा एकटा 'दोन'.
ऐन, बिवळा, हेळा, रस्त्याला खेटून दाट.
मी खूश होऊन फोटो काढले होते.

त्या दाटीची रुंदी शेवंतीने मोजून दाखवली:
चौदा पावलं.
पंधराव्याला आभाळ.
डोंगर पायथ्यापर्यंत भादरलेला,
आणि रबराची रोपं,
प्रार्थनेला उभ्या केलेल्या मुलांसारखी.

"रस्त्यावरसून दिसता तेवढा ठेवल्यानी," ती म्हणाली,
"सायब गाडीयेतसून बघतत ना."

मी पडद्याला गुण दिले होते.

रात्री खोलीवर कागद पसरले.
कडेचं चार, आत एक.
कडेचं दोन, आत पाच.
चूक एकाच अंगाला कललेली असती
तर काकडीच्या वेलासारखी
काठी लावून सरळ केली असती.
ही वारा बघून मान फिरवते.
आणि मी आत गेले ते दोनदाच.
उरलेल्या एकशे अठरा ठिकाणी
झाडांमागे काय आहे
ते झाडांमागेच आहे.

उजव्या समासात पट्टी लावून
नवा रकाना आखला: रस्त्यापासून अंतर.
खाली शून्य. शून्य. शून्य.
इस्माईल चहा ठेवायला आला, डोकावला,
"मॅडम, भोपळे कसले काढताय?"

एकशेवीस भोपळे झाल्यावर
तळाला दोन ओळी जास्तीच्या.
एकीत लिहिलं, पाऊण तास.
दुसरीत, चौदा पावलं, शेवंतीची.

माझी मोजायची राहिली.