पुणे चालवून दाखवा

दुपारी साडेबाराला त्यांचे नऊ वाजतात.
धायरीच्या गॅलरीत, वाळत घातलेल्या चादरीमागे
मी हेडफोन लावते
आणि म्हणते, ताक.
आई आतून विचारते, आता कुणाला पाजतेस?
ताक म्हणजे हो, हे तिला चार वर्षांत शंभरदा सांगून झालंय.
तिला माहीत आहे. तिला विचारायला आवडतं.

वूचला मी दोन हिवाळे काढले.
लिहितात भलतंच, म्हणतात वूच,
आणि अर्थ विचाराल तर होडी.
म्हणजे गावाचं नावच नाव.
पहिल्या रविवारी नदी शोधत हिंडले;
एका म्हाताऱ्याने बुटाची टाच रस्त्यावर आपटून दाखवलं:
खाली. ती खालून वाहते.

हालिनाबाईंकडे तिसऱ्या मजल्यावर खोली.
बाबांचा फोन, म्हटलं की त्या विचारायच्या,
ही कुठली म्हातारी तुला रोज फोन करते?
(त्यांच्यात बाबा म्हणजे थेरडी.
बाबांना हे मी अजून सांगितलेलं नाही.)
स्वयंपाकघरातून हाक यायची, ऋजुतो! सूप!
मला वाटायचं, कुणी मुलगा आलाय.
ते संबोधन होतं. मीच होते ती.

वर्गात आम्ही अकरा जण.
तीन युक्रेनच्या मुली, त्यांना निम्मं आधीच येत होतं,
एक व्हिएतनामी जोडपं, वहीत मान घालून बसलेलं,
आणि मी, मनातल्या मनात फुशारत:
सात विभक्त्यांचं काय घेऊन बसलात,
खांडवेबाईंनी आठ पाठ करून घेतल्यात,
डब्याच्या सुट्टीआधी, पट्टीच्या तालावर,
स, ला, ते; स, ला, ना, ते.

मग कळलं, त्यांच्यात पंचमी नाही.
ऊन नाही. हून नाही.
कुठून आलात हे सांगायचं
तर षष्ठी उसनी घ्यायची,
आधी त्या गावचं व्हायचं, मग तिथून निघायचं.

बाईंनी मला फळ्याकडे बोलावलं:
पुणे चालवून दाखवा.
मी खडू धरून एक शेपूट लावलं, पुसलं,
दुसरं लावलं.
बाई हसल्या नाहीत.
म्हणाल्या, हा शब्द परका आहे, हा चालत नाही.
सातही घरांत तो असाच उभा राहतो.
बूट न काढता दाराशी थांबलेल्या पाहुण्यासारखा,
हे त्या नाही म्हणाल्या. हे माझं.

त्या रात्री ट्राम सोडून पायी आले.
उणे अकरा. मफलरच्या आत
पुण्याला, पुण्यात, पुण्याचं, पुण्याशी,
तो मधला एवढासा या,
त्या अख्ख्या शहरात माझ्याशिवाय कुणाच्या तोंडात नसलेला.
व्याकरणात त्याला सामान्यरूप म्हणतात.
सामान्य!

शिकले कापडाचं, आता बिलं जुळवते.
गेल्या गुरुवारी वूचचेच एक गृहस्थ, थकलेली रक्कम,
आवाजामागे ट्राम वळतानाची ती करकर,
मी आकडा दोनदा चुकले.
इतक्यात खाली भंगारवाला ओरडला.
ते थबकले. काय झालं? कुणाला लागलंय का?
नाही हो, हाक मारतोय.
कुणाला?
जुनं, तुटकं, कुणाला नको असलेलं, त्याला.
बराच वेळ नुसती खरखर.
मग म्हणाले, ताक, ताक.
आणि बाई, तुम्ही कुठून?

शहर सांगायचं नाही असा कंपनीचा नियम.
मी सांगितलं, त्यांच्या भाषेत, न चालणारं,
ताठच्या ताठ.
अच्छा, म्हणाले, आणि बिलाकडे वळले.

फोन संपल्यावर
चादरीच्या ओल्या कडेला धरून
मी मोठ्याने म्हटलं, पुण्याहून.

आतून आई:
कोण आलंय गं?