गुलाबीला दोन गुण

पाचशे मिली, आठ तास,
एका मिलीचे पंधरा थेंब.
मिनिटाला किती?
उत्तर साडेपंधराच्या थोडं वर येतं
आणि मी दरवेळी तिथंच अडते,
कारण अर्धा थेंब कोणत्याच नळीतून पडत नाही.
सोळा लिही, म्हणाल्या होत्या मेश्राम सिस्टर,
पेपरात सोळा लिही आणि पुढं जा.

पहाटे चारला लाइन नसते.
परसात मोह टपकत असतो.
मोबाइलवर एक मिनिट लावून
मी फुलं मोजते: अकरा.
परत लावते: सतरा.
मग नुसतीच चार.
झाडाला कोणी दर ठरवून दिलेला नाही.

उजाडलं की टोपली घेऊन सुकारोबाई येते,
वेचायच्या आधी पायरीवर टेकते
आणि माझं पुस्तक मागते.
तिला अक्षर येत नाही.
चित्रावर बोट ठेवते, विचारते, हे काय?
अपरा, मी म्हणते.
"जार म्हण ना वं."
पेपरात अपरा म्हणतात.
ती चित्राकडं बघत राहते,
एखादी ओळखीची बाई शहरातून
नवं नाव घेऊन आल्यासारखी.
"अर्ध्या घंट्यात नाही पडला तं?"
मी पायऱ्या सांगते, एक ते सहा.
तिनं मान हलवली नाही
की मला कळतं, काहीतरी सुटलं.
लघवीची पिशवी रिकामी करायची
सुटलेली असते.

चाळीस वर्षं या गावातली पोरं
तिच्या हातावर आली. मी पण.
सरकारनं दिलेली पत्र्याची पेटी
आता तिच्या चुलीमागं आहे,
आत दोडक्याचं बी.
घरी बाळंतपण करायचं नाही यापुढं, असं सांगायला
जीपमधून माणसं आली होती,
त्यांना चहा तिनंच दिला.
पुढच्या साली उपकेंद्रात जागा निघेल म्हणतात.
त्या खुर्चीसाठी
ती माझा अभ्यास घेते.
यावर आम्ही कधी बोललो नाही.

पान एकशे बारा, पाच ओळींचा तक्ता:
ठोके, श्वास, स्नायूंचा ताण, चेहरा, रंग.
पूर्ण अंग गुलाबी असेल तर दोन गुण.
सुकारोबाई हसते, तोंडातली सुपारी सांभाळत.
"आपल्या इकडं कोणतं लेकरू गुलाबी असते वं?
तू झाली तं जांभळावानी होती.
शून्य देल्लं असतं का तुले
तुया पुस्तकानं?"
मी हसत नाही. मी खरंच गोंधळते,
तक्ता वरून खाली, खालून वर वाचते.
तशी ती माझा हात ओढून उलटा करते,
"इथं पाह्यजो. तळव्यात.
आन् जिभेवर."
पेन्सिलीनं मी समासात लिहिते:
तळवे. जीभ.
खाली छापील ओळीत गुलाबी तसंच राहतं.

परीक्षा बुधवारी, गडचिरोलीला.
साडेपाचची एसटी,
ती नाही आली तर वडशापर्यंत काळीपिवळी.
प्रवेशपत्र, दोन निळे पेन,
तोंडी परीक्षेसाठी इस्त्री केलेला एप्रन
घडी मोडू नये म्हणून मांडीवर.
सुकारोबाई काही सोडायला आली नाही.
मोहाचे दिवस, फुलं ऊन चढायच्या आत उचलावी लागतात.
वळणावर दिसली मात्र,
झाडाखाली वाकलेली, पाठ रस्त्याकडं.
हाक मारावी म्हणून काच सरकवायला गेले,
काच अडकली.

मग मी पुटपुटत राहिले, आधी पिशवी रिकामी,
दहा युनिट, मांडीत, एका मिनिटाच्या आत,
सोळा, सोळा.
पुराड्याच्या पुढं उजेड आला
तेव्हा तळहात उघडून
खिडकीशी धरला, नीट बघायला.
कंडक्टर म्हणाला,
ताई, सुट्टे द्या,
नुसता हात काय दाखवता.