वर एक

रविवारी देवबागच्या चॅपेलात फादर वाचत होते:
जाळं ओढून आणलं, मोठे मासे एकशे त्रेपन्न.
मागच्या बाकावर इनास मावशी पुटपुटली,
"कोणी मोजल्यान?"

तेव्हापासून माझ्याही डोक्यात तेच.
मेलेला माणूस किनाऱ्यावर जिवंत उभा,
निखारे फुललेले, भाकर भाजलेली,
आणि एक जण ओल्या वाळूत उकिडवा बसून
गंडे मोजतोय आपला.
अडतीस गंडे. वर एक.

सोमवारी रापण ओढली.
मावशीनंच वाटे लावले,
दोराला ज्याचा ज्याचा हात लागला त्याचा वाटा.
एक बांगडा राहिला.

जुझे लांब उभा होता, माडाला टेकून.
हाच गेल्या साली रातोरात
सगळ्यांचं जाळं विकून पळालेला.
कुणी त्याच्याकडे बघेना.
फादरही टोपी नीट करत राहिले.

मावशीनं तीन दगडांत करवंट्या पेटवल्या,
बांगड्याला मीठ चोळलं,
आणि मान न वळवता हाक मारली,
"ये रे. आदी जेव.
काय इचारूचा ता
मगे इचारतलंय."