अकरा मिनिटं मागे

जालना, औद्योगिक वसाहत, फेज दोन.
सळयांच्या कारखान्याची हजेरी
आता नव्या सॉफ्टवेअरात असते,
आणि ते सॉफ्टवेअर कुठं असतं
हे टोंपेसाहेबांनाही ठाऊक नाही.
'वर' म्हणतात, आणि पंख्याकडं बोट दाखवतात.

मला सांगितलेलं एवढंच:
तिथून महिन्याची हजेरी ओढायची,
पगारपत्रकात ओतायची.
सातशे बारा माणसं. उद्या सात तारीख.

पायथनच्या चाळीस ओळी,
त्यातल्या पस्तीस नुसत्या दार वाजवायच्या.
गुपित कोडात लिहायचं नसतं,
म्हणून वेगळ्या फायलीत ठेवलं,
आई कपाटाची किल्ली
तुरीच्या डाळीत पुरून ठेवते तसं.
मग सही करून चिठ्ठी धाडली:
मी अमुक, तमुक कंपनीकडून,
ही चिठ्ठी पाच मिनिटं खरी माना,
बदल्यात टोकन द्या.

चारशे एक.

किल्ली बदलली. चारशे एक.
पत्त्याच्या शेवटची तिरकी रेघ खोडली,
मुकाट परत लावली.
चारशे एक.
ओरडत नाही, चिडत नाही,
तू कोण, ते पटलं नाही, इतकंच.
चहावर साय धरली.
टोंपेसाहेब दोनदा दारात येऊन
काही न बोलता गेले.

खिडकीतून गेट दिसतं.
गफूरचाचांजवळ अंगठ्याचं यंत्र आहे,
पण भंगार निवडणाऱ्यांचे अंगठे
त्याला वाचता येत नाहीत.
पत्रा, तार, गंज, पुन्हा पत्रा,
रेघा कधीच पुसल्यात.
सोजर खंदारे तीनदा टेकवते,
तीनदा लाल दिवा.
"आता काय हात बदलून आणू का?"
"जा गं तू. मैं देख्या ना तेरेकू,"
चाचा म्हणतात,
आणि वहीत नाव चढवतात, वेळेसकट.

तीनचा भोंगा झाला. पाळी सुटली.
माझ्या पडद्यावर दोन एकोणपन्नास.

चाचा वही ठेवायला आत आले, तेव्हा म्हटलं,
भोंगा आज लवकर कसा?
"भोंगा कायकू जल्दी होइंगा बेटा,
तुमारी घडीच पीछे है."

डब्याच्या पोटातली बटणाएवढी बॅटरी
कधी मेली कुणास ठाऊक.
पाच मिनिटांची चिठ्ठी,
अकरा मिनिटं मागचं घड्याळ:
सकाळपासून मी ताज्या शाईनं
मुदत संपलेल्या चिठ्ठ्या लिहीत बसले होते,
आणि दोष देत होते किल्लीला.

काटे भोंग्याला लावले.
दोनशे.
टोकन आलं, दोन ठिपक्यांनी सांधलेलं,
गाडीच्या दोरासारखं लांब,
वाचायला गेलं तर काहीच नाही.
तासभर चालेल म्हणालं.

सातशे बारा ओळी धडाधड उतरल्या.
मी खुर्चीत मागं रेलले,
टोंपेसाहेबांना हाक मारणारच होते,
तेवढ्यात नजर अडकली:
खंदारे सोजर, हजर दिवस नऊ.

वही उघडली.
सव्वीस दिवस. सव्वीस वेळा तिचं नाव,
निळ्या पेनात, मध्येच काळ्या,
सहा बावन्न, सहा पन्नास,
एकदा सात वाजून चार, आणि समोर:
'बस पंक्चर, रामनगरला.'
तिच्यासारखे आणखी तेरा जण.

एकेक ओळ हातानं भरायला घेतली.
प्रत्येक ओळीला सॉफ्टवेअर विचारतं:
दुरुस्ती कोणाच्या अधिकारात?
मी लिहिलं, शेख गफूर, गेट.
असा वापरकर्ता अस्तित्वात नाही.
पुन्हा लिहिलं. नाही.

मला मात्र ते आता ओळखत होतं.
तिथं माझं नाव घातलं,
आणि शेरा जोडला: पाहा, गेटची वही, पान एकतीस ते चव्वेचाळीस.

चौदावं नाव झालं तेव्हा
बाहेर दुसऱ्या पाळीची भट्टी पेटलेली,
खिडकी तांबूस.
टोकनची अजून नऊ मिनिटं उरली होती.
मी सोजरची ओळ पुन्हा एकदा मागवून पाहिली.