भांगाचं पाणी

वर्सोव्याच्या संस्थेत, तिसऱ्या मजल्यावर
एसी इतका, की देवकाबाई टपक्यांनी पदर कानांवरून घेतला.
मी वह्या आणल्या होत्या, बाजारच्या पिशवीत,
कापडी पाठीच्या, एकोणतीस.
धक्क्यावरच्या पट्टीला पाणी कुठवर लागलं,
रात्रपाळीचे सगळे आकडे
माझ्या हातचे.

चितगावहून शेफाली बरुआ आली होती,
झांझिबारहून म्वानाईशा,
मालेचा एक मुलगा, ज्याचं नाव
मला शेवटपर्यंत नीट म्हणता आलं नाही
आणि तो दर वेळी हसून पुन्हा सांगायचा.
कराचीची खुर्ची रिकामी.
पुढ्यात पुठ्ठ्याची पाटी: अल्ताफ मोहाना.
व्हिसा आला नाही.
चहावाल्याने तिथेही कप ठेवला.

सकाळ शब्दांत गेली.
अष्टमीच्या आसपासचं ते मंद पाणी,
धड चढत नाही, धड उतरत नाही,
त्याला तुमच्यात काय म्हणतात?
शेफाली म्हणाली, मरा कटाल.
म्वानाईशा म्हणाली, माजी माफू,
मेलेलं पाणी.
दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या,
मधे एवढा समुद्र, आणि
एकाच मयताला आल्यासारख्या.
देवकाबाई म्हणाल्या, आमच्यात मेलेलं नाय म्हनत.
भांग म्हन्तो.
पदर सारून त्यांनी
केसांतली पांढरी रेघ दाखवली.
अर्धं इकडं, अर्धं तिकडं,
मधे पाण्याला वाट.

दुपारी शेफालीने पडद्यावर
सगळ्या बंदरांच्या रेघा एकाखाली एक लावल्या
आणि एका रात्रीवर बोट ठेवलं.
काका, इथे कराची वीतभर वर आहे,
माले चार बोटं वर.
मुंबई मात्र गुळगुळीत.
यंत्र बिघडलं होतं का?

यंत्र नव्हतं, मी म्हणालो.
मी होतो.

एक्याण्णव साल, नवमी.
कुंदाला केईएमला नेलेलं, कळा सुरू.
भांगाचंच तर पाणी, म्हटलं,
हलून हलून किती हलणार?
दुसऱ्या दिवशी टेबलाशी बसून
रात्रीचे नऊ आकडे मनानेच भरले,
मुलगी झाल्याच्या आनंदात, वळणदार अक्षरात.
साहेबांनी न बघता सही केली.
लांब कुठेतरी वादळ उठून विरलं होतं.
पाण्याने ते कराचीला सांगितलं, मालेला सांगितलं;
मला सांगायला आलं
तेव्हा मी जागेवर नव्हतो.

त्या एसीत मला घाम फुटला.
कुणी काही बोललं नाही.
मग तिने ईमेलने आलेली कराचीची वही उघडली.
एका उन्हाळ्यातले अकरा दिवस कोरे,
समासात उर्दूत एक ओळ.
म्वानाईशाला लिपी येत होती, भाषा नाही.
मला भाषा थोडीफार, लिपी नाही.
ती अडखळत अक्षरं लावत गेली,
मी कान लावून अर्थ.
पहारेकरी मुलीच्या लग्नाला गेला होता.
पाणी पाहिलं नाही.

एवढंच लिहायचं होतं.

मी पेन काढलं, नऊ आकड्यांवर काट मारायला.
शेफालीने हात धरला.
खोडू नका, काका. मूळ आहे तसं राहू दे, बाजूला लिहा.
मी समासात तारीख घातली, आजची,
आणि मराठीत लिहिलं:
पाणी पाहिलं नाही. मुलगी झाली.
मालेच्या मुलाने ते काय आहे विचारलं,
आणि ऐकून मुलीचं नाव विचारलं.

कराची आणि मालेवरून अंदाज काढून
शेफालीने मुंबईच्या जागी तुटक रेघ ओढली,
त्या रात्री पाणी असं असू शकेल, म्हणाली.
असू शकेल, असंच म्हणाली.

सहाला देवकाबाई उठल्या. वहट लागली,
कालवं काढायला माणसं खडकात उतरली असतील.
त्यांच्यामागे दोघी, चपला हातात घेऊन.

अल्ताफच्या कपावर साय धरली होती.
वह्या पिशवीत भरायच्या आधी
मी थोडा वेळ बसलो.
त्याच्या खुर्चीत नाही. शेजारच्या.