कूलरखालची पेटी

वाठोड्याच्या पुढे, नव्या रस्त्याच्या भरावावर
माझं काम एवढंच :
मातीत वीतभर भोक पाडायचं,
मशीनची सळई आत उतरवायची,
मिनिटभर लांब जाऊन उभं राहायचं
आणि ती सांगेल तो आकडा लिहायचा.
अठ्ठ्याण्णव. माती दबली.
चौऱ्याण्णव. रोलर परत फिरवा.
सळईच्या टोकाशी सीझियम,
ज्वारीच्या दाण्याएवढं असेल म्हणतात.
मी पाहिलं नाही. ते कुणीच पाहायचं नसतं.

पेटी पिवळी. वर तीन पाकळ्यांचं चिन्ह,
जे हेडाऊ ड्रायव्हरला शेवटपर्यंत पंखाच वाटलं.
नियम असा : गाडीत पेटीला साखळी, साखळीला दोन कुलपं.
एका कुलपाची किल्ली दिवाळीपासून सापडत नव्हती.
रजिस्टरात मी रोज लिहायचे,
'कुलपे दोन, तपासली.'
माझं अक्षर चांगलं आहे.

एकोणीस मे. पारा सेहेचाळीस.
साखळीचा चटका बसला म्हणून
मी ती पेटीभोवती नुसती गुंडाळली
आणि आम्ही ताक प्यायला उतरलो.
मी एक ग्लास. हेडाऊने दोन.

मग चार दिवस.
ऑटोवर भोंगा लावून पोलीस ओरडत फिरले,
पिवळी पेटी दिसल्यास हात लावू नये,
आणि अख्खं पारडी पिवळी पेटी शोधायला बाहेर पडलं.
पेपरात अर्ध्या पानावर बॉम्बचं चित्र.
मुंबईहून आलेले साहेब मला एकच विचारत राहिले,
हँडलचं कुलूप? मशीनचं स्वतःचं?
लावलं होतं, सर.
नक्की?
या एका शब्दासाठी मी चार रात्री
उजव्या हाताची बोटं वळवून पाहत होते,
किल्ली फिरवल्याची आठवण बोटांत आहे का.

सापडली ती शकुन बारसागडेच्या घरी.
पत्र्याची खोली, खिडकीत कूलर,
कूलरचा एक पाय कुजलेला,
त्याखाली माझी पेटी.
"पोरानं आणली. जड होती, म्हून ठेवली.
हालत नाही आता कूलर."

शिपाई नाकाला रुमाल बांधून चाळीस पावलांवर थांबला,
जणू आत काही सडलं होतं.
मी मीटर घेऊन वाकले.
पेटीला टेकवलं की काटा बोलायचा,
दोन पावलं मागे आले की गप्प.
कुलूप जागच्या जागी.
त्यावर हातोड्याचे अकरा घाव, मी मोजले.
भंगारवाला म्हणाला होता पोराला,
तांबं नाही, पितळ नाही,
आत शिसं असलं तर फोडून आण.
अकराव्या घावाला पोराचा हात दुखला असेल,
किंवा आईनं जेवायला हाक मारली असेल.
एवढ्यावर वाठोडा वाचला,
आणि मी.

"काय हाय वं बाई त्याच्यात?"
मी म्हटलं, काही नाही, रस्त्याची माती मोजायचं.
"मंग हे लोक काहून पळून राह्यले?"

पोरगा दारात उभा. रितिक. बारा वर्षांचा.
त्याची नजर माझ्या छातीवरच्या बिल्ल्याकडे.
मी सांगितलं, तीन महिन्यांनी हा मुंबईला जातो,
माझ्या अंगात किती गेलं ते कळतं.
शकुननं ऐकलं. गार वाऱ्यासाठी चार रात्री
तिघं त्या पेटीला पाय लावून झोपली होती.
"मंग आमाले बी द्या ना एक. ह्याच्यासाठी तरी."

मीटर सांगत होतं, काळजी नाही. साहेबही सांगत होते.
मी तिला दोनदा सांगितलं, तिनं दोनदा मान हलवली
आणि हात तसाच पुढे ठेवला.

बिल्ला ज्याच्या छातीवर, त्याचंच बोलतो.
झालेल्या रात्रींचं त्याला विचारता येत नाही.

हेडाऊनं कूलरखाली चार विटा लावून दिल्या.
पाणी थोडं सांडलं.
गाडीत पेटीला साखळी घातली,
बाजारातून आणलेली दोन नवी कुलपं लावली,
आणि रजिस्टर उघडलं तर
आजच्या रकान्यात माझ्याच अक्षरात
आधीच लिहिलेलं होतं : दोन.
मे संपेपर्यंतचं मी
एकाच दुपारी लिहून ठेवलं होतं.