पाठीवरचा हात

पलूसच्या स्टँडसमोर माझं दुकान.
काचेवर लिहिलंय : लग्न, बारसं, वाढदिवस, ड्रोन मिळेल.
बातमीचं लिहिलेलं नाही.
ते फोनवरच ठरतं. एका बातमीला साडेतीनशे,
रडणं असेल तर पाचशे.
असं कुणी बोलत नाही, पण
पैसे जमा झाले की कळतं.

तेजश्रीचं लग्न मीच काढलं होतं,
तीन वर्षांमागं, तासगाव रोडच्या कार्यालयात.
अक्षता पडताना दिवा धरणारा पोरगा
तिच्या मामाच्या पायात आला,
ते अजून आहे माझ्या डिस्कमध्ये.
दर दहा मिनिटांनी मी म्हणायचो,
वहिनी, इकडं बघा.
ती बघायची. धुरानं डोळे चुरचुरत असले तरी.

इंद्रजित वायरमन.
पूर ओसरला, गावात नऊ दिवस अंधार,
आणि तो खांबावर होता तेव्हा
कुणीतरी, कुठंतरी, बटण वर केलं.
कोण, ते अजून कागदावर आलेलं नाही.

बॉडी ऑफिसच्या दारातच ठेवली लोकांनी.
मी गेलो. एकाच माइकला
तीन चॅनेलची तीन बोंडकी, आलटून पालटून.
भुरभुर होती. कुणीतरी छत्री धरली,
माझ्यावर नाही, कॅमेऱ्यावर.
कानात डेस्क : बायको कुठाय? बायको घे.
घेतली.
लांबून नको, टाइट घे.
घेतली.
आणखी.
शेवटी काचेत तिचा चेहराच उरला,
नाकातलं पाणी, भुवईपर्यंत सरकलेली टिकली,
मान खाली.

तेव्हा मी म्हणालो.
म्हणालो ते माझं मलाही कळलं नाही,
रोजचंच वाक्य, जिभेवर बसलेलं :
वहिनी, इकडं बघा.

आणि तिनं बघितलं.

सवयीनं.
लग्नात बघायची तसंच,
हनुवटी थोडी वर करून.
क्षणभर वाटलं, आता केस सारखे करील.

रात्री पुन्हा फोन. लग्नाचं आहे का तुझ्याकडं?
अकरा सेकंद दिले. हार घालतानाचे.
मूळची सनई काढून त्यांनी व्हायोलिन लावलं.
त्या वेळी आठशे आले.
पोरीच्या क्लासची फी भरली, खोटं कशाला बोलू.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी ती दुकानात आली.
दीर बाहेर गाडीवरच बसून राहिला.
मला वाटलं, शिव्या देईल.
उत्तरं तयार होती माझी, केव्हाचीच :
पोटासाठी करतो, वरनं फोन येतात,
बातमी लागली म्हणून तर चेक लवकर निघाला.
(निघाला होता. तेही खरंच.)

ती म्हणाली,
"भावजी, त्या दिवसाचं मला कायबी आठवत न्हाई.
एवढंच आठवतं, मागनं कुणीतरी
पाठीवर हात ठेवला हुता.
लई वेळ. उचललाच न्हाई.
बाईचा का गड्याचा, तेबी कळलं न्हाई.
समद्यांना इचारलं, कुणी न्हाई म्हणतंय.
तुमच्याकडं असंल ते. बघा की,
कुणाचा हुता."

बावीस मिनिटं होती माझ्याकडं.
तिला स्टुलावर बसवलं,
स्क्रीन माझ्या बाजूला वळवून घेतला.
गर्दी. छत्र्या. साहेबाची गाडी.
मग ती, कमरेपर्यंत.
मग खांद्यापर्यंत.
मग गळ्यापर्यंत.
चौदाव्या मिनिटाला डाव्या कडेला
काहीतरी चमकतं, बांगडीची कड
किंवा घड्याळाची,
आणि तिथूनच मी आणखी आत गेलोय.
पुढची आठ मिनिटं नुसते डोळे.
एकदम शार्प. पापणी न् पापणी मोजून घ्यावी.

"घावलं का?" तिनं विचारलं.
बाहेर दिरानं हॉर्न दिला.

थांबा, म्हणालो,
परत पहिल्यापासून लावतो.